जामीन एकाच शिवारातला नको
उधारीच्या धंद्यासाठी संभाव्यतेचे चार धडे

आपल्या धाराशिव जिल्ह्यात कापडाचा धंदा उधारीवर चालतो, हे कोणाला सांगायला नको. लग्नाचा बस्ता उन्हाळ्यात बांधला जातो आणि पैसे येतात सोयाबीनची रास झाल्यावर. या दोहोंच्या मधे पावसाळा असतो. म्हणजे आम्ही विकतो कापड, पण पैसा लावतो पावसावर. मग मनाला आधार म्हणून आपण जामीन घेतो, वहीत दोन नावे लिहितो आणि निश्चिंत होतो. त्या दुसऱ्या नावाने आपली रक्कम खरोखर किती सुरक्षित होते, याचा हिशेब मात्र फार थोडे लोक करतात.

हा हिशेब करणाऱ्या गणिताला मराठीत संभाव्यता आणि उर्दूत एहतमाल म्हणतात. नावाला घाबरू नये. गुणाकार-भागाकार येत असेल तेवढे पुरे. कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि आमच्याबरोबर आकडे मांडावेत.

धडा पहिला : शंभरात किती?

संभाव्यता म्हणजे एखादी गोष्ट शंभर वेळांत किती वेळा घडेल, याचा अंदाज. वीस थानांच्या गठ्ठ्यात तीन थान डागी असतील आणि न बघता एक थान उचलले, तर ते डागी निघण्याची संभाव्यता विसात तीन, म्हणजे शंभरात पंधरा. आपल्या जुन्या वह्या हेच सांगत असतात. मागच्या दहा वर्षांत दर शंभर उधार गिऱ्हाइकांपैकी पंचवीस जण वेळेवर देऊ शकले नसतील, तर वसुली अडकण्याची संभाव्यता शंभरात पंचवीस, म्हणजे एकचतुर्थांश. पुढील सर्व हिशेबांत हाच आकडा घेऊ. तो मिसालीसाठी आहे. प्रत्येकाने आपल्या वहीतून आपला आकडा काढावा.

धडा दुसरा : स्वतंत्र घटना

नाणे उडवले तर छाप पडण्याची संभाव्यता निम्मी. दोन नाणी उडवली तर दोन्ही छाप पडण्याची संभाव्यता निम्म्याच्या निम्मी, म्हणजे चारात एक. येथे गुणाकार चालतो, कारण एका नाण्याला दुसऱ्याची खबर नसते. एका गोष्टीची बातमी कळल्याने दुसरीच्या अंदाजात काहीही फरक पडत नसेल, तर त्या दोन घटना स्वतंत्र.

मटक्याच्या नादी लागलेला माणूस येथेच फसतो. ‘हा आकडा बरेच दिवस आला नाही, आता येणारच’ असे तो म्हणतो. आकड्याला मागचे काही आठवत नसते. चांगले व्यापारीही पावसाबद्दल असेच बोलतात. मराठवाड्यात २०१४ साली पाऊस फसला, तेव्हा ‘पुढचे वर्ष चांगलेच जाणार’ असे म्हणत उधारी वाढवली गेली. २०१५ सालीही पाऊस फसला, आणि एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१६ चा पावसाळा चांगला झाला. पण आभाळ मागची बाकी फेडत होते म्हणून नव्हे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मागचे वर्ष आभाळाला आठवत नसले, तरी गिऱ्हाइकाच्या घराला आठवते. लागोपाठ दुसऱ्या वाईट वर्षी त्याच्या घरात शिल्लक उरलेली नसते.

धडा तिसरा : गुणाकार कोठे फसतो?

आता जामिनाकडे येऊ. गिऱ्हाईक शेतकरी, जामीनही त्याच गावचा शेतकरी. प्रत्येकाची अडकण्याची संभाव्यता एकचतुर्थांश. नाण्यासारखा गुणाकार केला तर दोघेही अडकण्याची संभाव्यता सोळात एक, म्हणजे हजारात साधारण ६३. व्यापारी यावर खूष होतो. पण हा गुणाकार चुकीचा आहे, कारण दोघांच्या शेतावर पडणारा पाऊस एकच आहे.

बरोबर हिशेब असा करावा. एक हजार हंगाम डोळ्यांसमोर आणा. त्यांत ७०० चांगल्या पावसाचे व ३०० वाईट पावसाचे धरा. चांगल्या पावसात दहापैकी एक जण अडकतो, वाईट पावसात दहापैकी सहा. पाऊस कसा झाला हे एकदा ठरले, की मग दोघांना स्वतंत्र धरू.

चांगले हंगाम ७००: गिऱ्हाईक ७० वेळा अडकले. त्या ७० पैकी जामीनही अडकला ७ वेळा.
वाईट हंगाम ३००: गिऱ्हाईक १८० वेळा अडकले. त्या १८० पैकी जामीनही अडकला १०८ वेळा.

गिऱ्हाईक एकूण अडकले ७० अधिक १८०, म्हणजे २५० वेळा. हजारात अडीचशे, तोच आपला एकचतुर्थांश. पण दोघेही अडकले ७ अधिक १०८, म्हणजे ११५ वेळा. कोठे ६३ आणि कोठे ११५! जवळपास दुप्पट. त्याच गावचा आणखी एक जामीन घेतला तर गुणाकार सांगतो हजारात १६, आणि खरा हिशेब येतो सुमारे ६५, म्हणजे चौपट. कागदावर नावे वाढली, पण भरवसा त्या मानाने वाढला नाही.

धडा चौथा : अट घातली की आकडा बदलतो

‘अमुक घडले आहे, हे कळल्यावर तमुक घडण्याची संभाव्यता किती?’ या प्रश्नाच्या उत्तराला सशर्त संभाव्यता म्हणतात. जामिनाची आठवण आपल्याला गिऱ्हाईक अडकल्यावरच होते. म्हणून खरा प्रश्न असा: गिऱ्हाईक अडकले आहे, आता जामीनही अडकण्याची संभाव्यता किती? वरचेच आकडे पाहा. गिऱ्हाईक २५० वेळा अडकले, त्यांपैकी ११५ वेळा जामीनही अडकला. ११५ भागिले २५०, म्हणजे शंभरात ४६. बस्ता बांधला त्या दिवशी जामिनाचा धोका शंभरात पंचवीस वाटत होता. गरज पडली त्या दिवशी तो सेहेचाळीस झाला. छत्री उन्हात धड आणि पावसात फाटकी, असा हा प्रकार आहे.

आता जामीन सोलापुरात पगारावर नोकरी करणारा भाऊ आहे असे धरा. पाऊस कसाही असो, तो शंभरात पाच वेळाच अडकतो. येथे गुणाकार चालतो: एकचतुर्थांश गुणिले एकविसांश, म्हणजे ऐंशीत एक, हजारात साधारण १३. कोठे ११५ आणि कोठे १३! जामीन एकच, पण त्याची भाकरी वेगळ्या तव्यावरची.

एकच कारण पुष्कळ घरांवर एकदम कोसळते, याचा दाखला पावसापुरता नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला आणि लातूर व आपल्या जिल्ह्यातील दगड-मातीच्या जड भिंतींची घरे हजारो माणसांवर कोसळली. जीव गेले तेथे पैशाची गोष्ट काढणे शोभत नाही. पण घेणारा, जामीन आणि गावचा दुकानदार एकाच पहाटे उघडे पडले, हे त्या भागाने पाहिले आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर राज्यातील मंदिरे नोव्हेंबरपर्यंत दर्शनासाठी बंद राहिली. तेव्हा तुळजापुरात प्रसाद, बांगड्या, कापड विकणारे आणि गाडी चालवणारे एकदमच बसून राहिले. धंदे निराळे, पण सर्वांचे गिऱ्हाईक तो एकच यात्रेकरू. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूमकडे अतिवृष्टीने उभी पिके गेली. म्हणजे वाईट पाऊस कमीच असतो असेही नाही.

मग करावे काय?

शेतकऱ्याला उधार देऊ नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. त्याच्यावरच आपली दुकाने उभी आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की सरासरीवर विसंबू नये. एक लाखाच्या उधारीत सरासरी पंचवीस हजार अडकतात, असे वही सांगते. पण सर्व उधारी एकाच पावसावर असेल तर पंचवीस हजाराचे वर्ष सहसा येतच नाही. एक तर दहा हजारांच्या आसपास अडकतात, नाही तर साठ हजारांच्या. साठ अडकले तरी व्यापाऱ्याची देणी फिटतील आणि पुढचा माल भरता येईल, एवढीच उधारी द्यावी. जामीन घेताना त्याची ऐपत पाहतोच, त्याबरोबर त्याची कमाई कशावर अवलंबून आहे हेही विचारावे. वहीत प्रत्येक नावापुढे पाऊस, पगार, यात्रा, पुण्या-मुंबईची मजुरी असा एक शब्द लिहावा. हंगामाच्या शेवटी कोणत्या शब्दाखाली किती रक्कम आहे, हे एका नजरेत कळेल.

सराव

१. वीस थानांत तीन डागी. एक उचलले, परत न ठेवता दुसरे उचलले. दोन्ही डागी निघण्याची संभाव्यता किती?

२. शिवणकाम करणाऱ्या कारागिराच्या दोन विजेच्या मशीन. प्रत्येक मशीन वीस दिवसांत एकदा बिघडते, एकीचा दुसरीशी संबंध नाही. पण दहा दिवसांत एक दिवस वीज जाते. दोन्ही बंद राहण्याची संभाव्यता किती?

३. शंभर थानांपैकी ६० एका गिरणीचे, ४० दुसरीचे. पहिलीच्या विसात एक डागी, दुसरीच्या आठात एक. हाती आलेले थान डागी आहे. ते दुसऱ्या गिरणीचे असण्याची संभाव्यता किती?

उत्तरे: (१) ३/२० गुणिले २/१९, म्हणजे १९० त ३. पहिले थान गेल्याने दुसऱ्याचा आकडा बदलला, म्हणून या घटना स्वतंत्र नाहीत. (२) चारशेत एक असे उत्तर काढले असेल तर वीज विसरली. शंभर दिवसांत वीज जाण्याचे १० दिवस. उरलेल्या ९० दिवसांचा चारशेवा भाग, म्हणजे पाव दिवसाहूनही कमी. एकूण शंभरात दहाहून थोडे जास्त. (३) पहिलीची डागी थान ३, दुसरीची ५. आठात पाच. माल कमी आला त्या गिरणीकडेच आधी तक्रार न्यावी.

तिन्ही उदाहरणे मुलांकडूनही सोडवून घ्यावीत, आणि चौथे आपल्या स्वतःच्या वहीतून मांडावे.