परसातील गुळवेल आणि रसशोषक पतंग

जिंतूर तालुक्यातील येलदरी हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे सर्वपरिचित आहे. या परिसरात कडुनिंबावर चढलेली गुळवेल ठिकठिकाणी आढळते. वैद्याच्या दृष्टीने ती अमृता. परंतु मोसंबी-संत्र्याच्या बागाईतदारास ती उपटून टाकावीशी वाटते. या विरोधाचे कारण एक पतंग असून त्याचा जीवनक्रम वैद्यबंधूंनी व औषधालय चालकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

रसशोषक पतंगाची मादी फळझाडावर नव्हे, तर गुळवेल, वासनवेल अशा एकाच कुळातील वेलींवर अंडी घालते. अळी त्यांचीच पाने खाऊन वाढते. ती मऊ व गडद रंगाची असून तिच्या अंगाच्या बाजूस डोळ्यांसारखे ठिपके असतात. प्रौढ पतंग मात्र रात्री बागेत जाऊन पिकत आलेल्या फळात सोंड खुपसतो व रस शोषतो. त्या छिद्रातून जंतू व बुरशी शिरून फळ सडते आणि गळून पडते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, आंबिया बहाराची फळे तयार होत असताना, हा उपद्रव वाढतो. म्हणूनच बागेभोवतीच्या या वेली काढून टाकाव्यात, असे कृषितज्ज्ञ सांगतात. हा सल्ला रास्त आहे.

तथापि बांधावरील वेल अशी नाहीशी होत गेल्यास औषधालयास खात्रीची गुळवेल कोठून मिळणार? 2021 साली गुळवेल व यकृतविकार यांची चर्चा झाली, तेव्हा आयुष मंत्रालयाने तिच्याशी साम्य असलेल्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वनस्पतीशी गल्लत होण्याची शक्यता निदर्शनास आणली होती. स्वतः ओळखून लावलेली, डोळ्यांसमोर वाढलेली वेल हा या शंकेवरील सोपा उपाय होय. यास्तव फळबागेपासून दूर, परसातील कडुनिंबावर ती लावावी, असे आम्ही सुचवितो.

तिचा ऋतुक्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

ग्रीष्म : आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार काण्डाचा संग्रह उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात करावा. त्यातील बोटाएवढ्या जाडीचे काही तुकडे लागवडीसाठी राखावेत. पक्ष्यांसाठी सावलीत पाण्याचे उथळ भांडे ठेवावे व पाणी रोज बदलावे.

वर्षा : मृगाचा पाऊस पडताच तुकडे लावावेत. नवी पालवी फुटल्यापासून आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू पाहावी. जवळपास बाग असल्यास अळ्या हाताने वेचून नष्ट कराव्यात. कीटकनाशक मुळीच फवारू नये. ज्या वेलीचा स्वरस वा काढा रुग्णास द्यावयाचा, तिच्यावर विष नको. शिवाय त्याने मधमाश्या व निरुपद्रवी फुलपाखरेही मरतात.

शरद : शेजारच्या बागाईतदारास गळलेली फळे रोज गोळा करून पुरण्यास सांगावे, सडक्या फळांच्या वासाने पतंग आकृष्ट होतात.

हेमंत-शिशिर : मादी वेलीस लाल फळे येतात. ती बुलबुलादी पक्ष्यांसाठी राहू द्यावीत. पक्ष्यांद्वारे बी दूरवर जाते, त्यामुळे आपोआप उगवलेली रोपे बागेच्या बांधावर दिसल्यास वेळीच काढावीत.

लिंबू, बेल व कढीपत्ता यांवर आढळणारी हिरवी अळी वेगळी असते. तिचे फुलपाखरू फळास छिद्र पाडीत नाही. झाड मोठे असल्यास थोडी पाने तिला सोडण्यास हरकत नाही. कोणती अळी वेचावी व कोणती राहू द्यावी, हे ओळखता येणे द्रव्यपरीक्षणाइतकेच उपयुक्त आहे.