ठासणीच्या बंदुकीची नळी केवढी असावी ?

रेवदंडा व चौल येथील नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्या पाठीमागची भातखाचरे यांची राखण करणे हे शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कामांपैकी अत्यंत दगदगीचे काम होय. निसवलेल्या भातात रानडुकरांचा कळप एक रात्र शिरला, तर चार महिन्यांचे श्रम सकाळी चिखलात लोळलेले दिसतात. याकरिता कोकणातील पुष्कळ शेतकरी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगतात. अशी बंदूक घेताना नळी किती लांब असावी, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. त्याचा विचार केवळ ऐकीव गोष्टींवर न करता कारणे पाहून करावा, हा या लेखाचा हेतू आहे.

कित्येकांची अशी दृढ समजूत आहे की, नळी जितकी लांब तितका मार लांब. या समजुतीत थोडे तथ्य आहे. परंतु ते फारच थोडे आहे. दारू पेटली म्हणजे तिचा वायू होतो व तो छऱ्यांस पुढे रेटतो. खाचराचा बांध फोडला असता पाण्याचा पहिला लोंढा जोराचा असतो आणि पाणी पसरेल तसा तो जोर मंदावतो. वायूचेही तसेच आहे. छरे तोंडाकडे सरकतात तसतशी मागील जागा वाढते व वायूचा दाब उतरत जातो.

इंग्लंडातील बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा हिशेब मांडला आणि टांगलेल्या लंबकावर गोळी मारून वेग मोजण्याची रीतही दाखविली. त्याच्या रीतीने एक उदाहरण घेऊ. दारूने नळीचा एक इंच भाग व्यापला आहे असे धरा. ३० इंची नळीतून निघणाऱ्या छऱ्यांचा वेग १०० मानला, तर २० इंची नळीत तो सुमारे ९४ व ४० इंची नळीत सुमारे १०४ येतो. म्हणजे तिसाच्या पुढे दहा इंच लोखंड वाढवून शेकडा चारच पदरात पडतात. आणि घर्षण व वायूचे निवणे जमेस धरिले तर तेवढेही हाती लागत नाहीत.

मग पूर्वीच्या बंदुका इतक्या लांब का होत्या ? त्या काळी दारू एकसारखी जळत नसे व चकमकीच्या बंदुकीत कानातून बराच जोर वाया जाई. शिवाय फौजेत बंदुकीस संगीन लावून ती भाल्यासारखी वापरीत, त्यासाठीही लांबी लागे. तरीही इंग्रजांच्या ‘ब्राऊन बेस’ बंदुकीची नळी आरंभी ४६ इंच होती, ती पुढे ४२ इंचांवर आली. आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेकरिता केलेली ३९ इंची नळी १७९७ च्या सुमारास खुद्द इंग्लंडच्या सैन्यानेही स्वीकारली. लंडनचा कारागीर हेन्री नॉक याने १७८७ साली नळीच्या बुडाची नवी रचना केली. तिच्यामुळे दारू लवकर पेटू लागली आणि शिकारी बंदुकांच्या नळ्या तीस इंचांच्या आसपास आल्या. आजची ठासणीची बंदूक केपाची असते. तिला जुन्या लांबीचे प्रयोजन उरलेले नाही.

दुसरी समजूत अशी की, लांब नळीने छरे कमी पसरतात. हेही खरे नव्हे. पसारा आवरतो तो नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या निमुळतेपणाने. ठासणीची नळी बहुधा बुडापासून तोंडापर्यंत सारख्याच व्यासाची असल्यामुळे ती तीस इंची असो वा चाळीस इंची, पसाऱ्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. तीस-पस्तीस यार्डांपलीकडे अशा बंदुकीवर भरवसा ठेवू नये. जखमी डुक्कर मेलेल्या पिकापेक्षा अधिक भयंकर, हे राखणदाराने कधीही विसरू नये.

तेव्हा लांबी ठरवावयाची ती माराकडे पाहून नव्हे, तर पुढील गोष्टींकडे पाहून.

पहिली गोष्ट, आपली उंची. ठासणीची बंदूक उभी धरून तोंडाकडून भरावी लागते. दस्त्यासह तिची एकूण लांबी नळीपेक्षा सुमारे सोळा इंचांनी अधिक असते. पाच फूट चार इंच उंचीच्या मनुष्यापुढे ४० इंची नळी उभी केली तर तिचे तोंड बरोबर हनुवटीशी येते. ३० ते ३२ इंचांची असेल तर काखेशी येते. भरताना अपघाताने बार उडाला तर या आठ-दहा इंचांवर जीव अवलंबून असतो. बंदूक आखूड असली तरीही भरताना तोंड आपल्यापासून दूर कलते ठेवावे.

दुसरी गोष्ट, जागा. पोफळीच्या दाट वाडीत व माळ्यावर लांब नळी झाडास, वाशास अडते आणि वळविण्यास वेळ लागतो. उघड्या खलाटीत ही अडचण नाही. तेथे नळी थोडी लांब असली तर माशी डोळ्यापासून दूर राहून नेम स्थिर राहतो. उलटपक्षी नळी फारच आखूड केली तर आवाज व झोत कानाडोळ्यांजवळ येतात, नेमही डळमळतो.

तिसरी गोष्ट, खारी हवा. काळ्या दारूची राख ओल शोषून घेते. त्यात आपला समुद्रकिनारा. बार काढल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात न दिल्यास आतून गंज धरतो. लांब नळीच्या बुडापर्यंत चिंधी पोचविणे कठीण जाते व गंज नेमका तेथेच बसतो, जेथे दाब सर्वांत अधिक असतो.

यावरून वाडीच्या राखणीस ३० ते ३२ इंच व उघड्या भातशेतीस ३४ ते ३६ इंचांपर्यंत नळी पुरेशी समजावी. लांबीवर खर्च करण्यापेक्षा बुडाकडील जाडी, सरळपणा व घोड्याचे काम यांवर करावा. दारूचे माप कारागीर सांगेल त्याहून वाढवू नये. रिकाम्या नळीत गज सोडून तोंडाशी त्यावर खूण करून ठेवावी. पुढे खूण वर राहिली तर आत बार आहे असे ओळखावे.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणाकरिता ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु घरातील आजोबांच्या वेळची लांब बंदूक लोहाराकडून कापून घेण्याचा मोह कोणी धरू नये. कलम ६ प्रमाणे परवान्यावाचून नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. लांबीचा निर्णय विकत घेतानाच करावा, तो याकरिता. तसेच बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम ११ खाली वनाधिकाऱ्यांची लेखी परवानगी मिळाल्यावाचून डुकरावरही बार टाकता येत नाही. आणि १९८६ साली घोषित झालेले फणसाडचे अभयारण्य आपल्यापासून दूर नाही.

सारांश, आपल्या काखेपर्यंत येणारी, आपल्या वाडीत सहज फिरणारी आणि आपल्या हाताने बुडापर्यंत स्वच्छ होणारी नळी ती योग्य नळी होय.