पेला घासणार कोण?

अगं, कॉलेजात एनएसएसची लीडर झालीस, छानच झालं. पण लगेच कॅन्टीनच्या भिंतीवर ‘पेपर कप बंद’ अशी पाटी लावायला धावू नकोस. आधी मागच्या दारानं मोरीपाशी जा. नळ किती आहेत, पाणी किती वाजेपर्यंत असतं, भांडी घासायला मावशी आहेत की नाहीत, ते बघून ये. पेपर कप काही पर्यावरणासाठी आलेला नाही गं. पेले घासायला माणूस ठेवावं लागू नये, एवढ्यासाठी तो आलाय.

कायदा म्हणशील तर कधीचा तुझ्या बाजूनं आहे. राज्यानं २०१८ मध्येच प्लास्टिक-थर्माकोलच्या ताट-पेल्यांवर बंदी आणली आणि जुलै २०२२ मध्ये आतून प्लास्टिकचा थर दिलेले कागदी कपसुद्धा तिच्यात घातले. आपल्या भिवंडीच्या धामणकर नाक्यावर टपरीवर तसाच कप हातात धरून हे आठवलं की हसूच येतं! त्या थरामुळे कप गळत नाही, आणि त्याच थरामुळे रद्दीवालाही त्याला हात लावत नाही. खरगपूरच्या आयआयटीत २०२० साली अशा कपात गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवून पाहिलं, तर १०० मिलीमध्ये सुमारे २५,००० प्लास्टिकचे कण उतरले होते. कटिंग काही पंधरा मिनिटं टिकत नाही, पण तुमच्या ग्रुपच्या गप्पांचं काय सांगावं.

मग स्टीलचे पेले आण. फेस्टच्या दिवशी मंडपवाल्याकडून भाड्यानं घे, लग्नात घेतात तसे. पेल्यामागं दहा रुपये अनामत ठेवा, म्हणजे मैदानात कुणी टाकून जाणार नाही. आणि घासणाऱ्या मावशींचे जादा पैसे आधी बजेटमध्ये लिही, पेल्यांचं भाडं नंतर. त्यांच्या पाठीवर फुकटचं काम लादून पर्यावरण वाचवणार असशील, तर ते मला सांगूसुद्धा नकोस.

फ्लेक्सचं मात्र मला खरंच नवल वाटतं. भिवंडीत राहायचं, कानात यंत्रमागाचा खडखडाट, आणि बॅनर प्लास्टिकचा! कोऱ्या कापडाचा तुकडा माग, रंगानं रंगवा. फक्त सुती आहे ना, ते बघ; आपल्याकडे पॉलिएस्टरही भरपूर विणतात. धाग्याचं टोक जाळलंस की कळेल. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टरची वितळून गोळी होते. पाहुण्यांना ‘कापडी’ म्हणून देतात त्या नॉन-वोव्हन पिशवीचा कोपराही जाळून बघ एकदा. तीही वितळेल, कारण ती प्लास्टिकचीच असते.

आता जरा जवळ ये, हे सगळ्यांसमोर बोलायचं नाही. मुलींच्या टॉयलेटमधला कचरा. कुणीतरी तुला सांगेल, मेन्स्ट्रुअल कपवर कार्यशाळा घे. घे की, ज्यांना जमेल त्या वापरतील. पण ज्या टॉयलेटला कडी नाही, नळाला पाणी नाही, तिथे दिवसभर लेक्चरला बसणाऱ्या मुलीला कप वापर म्हणणं म्हणजे तिची थट्टा. घरात विषय काढायचीही चोरी असते कित्येकींना. तिला पॅड वापरू दे, आणि त्याबद्दल अपराधी वाटू देऊ नकोस.

तुझं काम त्यानंतरचं. पॅड उघडं टाकलेलं असतं, आणि ते हातानं उचलणारी कुणाची तरी आईच असते. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेनं यासाठी साधी युक्ती काढली: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडी न उघडता कळतं. तेवढं तुला सोमवारपासून करता येईल. प्राचार्यांकडून झाकणाचा डबा मंजूर करून घे, शेजारी रद्दीचा गठ्ठा ठेव, लाल पेन सुतळीनं खिळ्याला बांध. पेन बांधच हं, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या तरी जर्नलमध्ये सापडेल.