आनूप देशातील वाहन-निवास : प्रवासी रुग्णास द्यावयाचा सल्ला

प्रस्तावना

सुटीमध्ये समुद्रकिनारी जाण्याची आवड आता आपल्या ग्रामीण रुग्णांमध्येही रुजली आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. ज्यांना सुसज्ज कॅराव्हॅन परवडत नाही, ती कुटुंबे भाड्याच्या मोठ्या गाडीतच गाद्या, शेगडी व पाण्याची टाकी घेऊन निघतात आणि मुक्कामही गाडीतच करतात. निघण्यापूर्वी ‘वैद्यराज, प्रवासाची औषधे द्या’ म्हणून ती आपल्याकडे येतात. अशा वेळी आम्ही दिलेला एक सल्ला कसा चुकला, त्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करीत आहोत.

शास्त्रविचार

जांगल, आनूप व साधारण हे देशाचे तीन प्रकार सर्वपरिचित आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातील हट्टा परिसर उन्हाळ्यात कोरड्या वाऱ्याचा व प्रखर उन्हाचा. येथील वृद्धांमध्ये वाताची लक्षणे आपण नित्य पाहतो. याउलट रत्नागिरीसारखे सागरतीरावरील नगर आनूप, कफप्रधान. देशाच्या गुणांविरुद्ध गुणांचा आहारविहार तेथे सात्म्य होतो, हा देशसात्म्याचा सिद्धान्त. मात्र चरकाचार्यांनी विमानस्थानात देश या शब्दाने भूमी आणि आतुर असे दोन्ही अर्थ घेतले आहेत. रुग्ण हाही देशच होय. यातील दुसऱ्या अर्थाचे आम्हास विस्मरण झाले.

रुग्णवृत्त

हट्टा येथील एक निवृत्त शिक्षक, वय 66, वातप्रकृती, कृश. मे महिन्यात कुटुंबासह रत्नागिरीस निघाले. आनूप देश कफकर, म्हणून आम्ही रूक्ष-उष्ण आहार, सुंठीचा प्रयोग व ‘पाणी बेताने प्या’ असा उपदेश केला. रक्तदाबासाठी ते मूत्रल गोळी घेतात, हे आम्ही विचारलेच नाही. गाडीत शौचालय नसल्याने वारंवार उतरावे लागू नये म्हणून त्यांनी पाणी आणखी कमी केले व मूत्रवेगही अडविला.

तिसऱ्या दिवशी दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते विश्रांती घेत होते. उठल्यावर भ्रम, हृल्लास व असंबद्ध बोलणे सुरू झाले. तेथील रुग्णालयात तपासणीअंती रक्तातील सोडिअम कमी झाल्याचे आढळले. वेळीच उपचार मिळाल्याने ते बरे झाले. आणखी दोन तास कोणी त्यांस ‘झोपू द्या’ म्हटले असते, तर परिणाम निराळा झाला असता.

विमर्श

भूमी आनूप असली तरी ऋतू ग्रीष्म होता. या ऋतूत बल क्षीण असते, वाताचा संचय होतो व मधुर, शीत, द्रव, स्निग्ध अन्नपान विहित आहे. वय वार्धक्याचे, प्रकृती वाताची. चारपैकी तीन बाबी द्रव-स्निग्धाच्या बाजूने असता आम्ही केवळ चौथीवरून निर्णय घेतला.

आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही हेच सांगते. घाम वाळला तरच शरीर थंड होते. किनाऱ्यावरील दमट हवेत तो वाळत नाही, केवळ वाहत राहतो. उष्णता आत राहते आणि पाणी व लवण मात्र जाते. म्हणूनच आपल्याकडील कोरड्या उन्हापेक्षा तेथील कमी तापमानही वृद्धांस अधिक बाधते. बंद गाडी उन्हात काही मिनिटांतच तापते, हे वेगळे सांगावयास नको.

व्यवहारोपयोगी सूचना

1. चालू असलेल्या सर्व औषधांची, विशेषतः रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्यांची चौकशी करावी. मूळ चिकित्सकास विचारल्याशिवाय त्या बंद करू नयेत.

2. पाण्यावर सरसकट बंधन घालू नये. हृद्रोग व वृक्करोगात चिकित्सकाने ठरविलेले प्रमाण पाळावे. टाकीतील पाणी उकळून त्याच दिवशी वापरावे.

3. दर दोन-तीन तासांनी गाडी थांबवून मूत्रविसर्जन करावे. वेगधारणाचा त्रास स्त्रियांस अधिक होतो आणि त्या तो बोलून दाखवीत नाहीत.

4. ज्वारीची भाकरी सोडून एकदम भात-मासळीवर येऊ नये. पादांशिक क्रमाने बदल करावा. मत्स्य व दूध एकत्र घेऊ नये. कोकमाचे सार दीपन म्हणून उपयुक्त आहे.

5. गाडी सावलीत उभी करून दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात व मच्छरदाणी लावावी. खिडक्या बंद करून, इंजिन चालू ठेवून अथवा शेगडी पेटती ठेवून कदापि झोपू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग वा गंध नसतो.

6. भ्रम, असंबद्ध बोलणे किंवा घाम थांबून अंग तापणे ही आत्ययिक लक्षणे होत. चूर्ण-काढ्यात वेळ न दवडता रुग्णास सावलीत घेऊन अंग ओले करावे, वारा घालावा व रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपलेल्यास तोंडाने काही देऊ नये.

औषधालयधारकांसाठी

याच कुटुंबास आम्ही लवणभास्कर चूर्ण कागदी पुड्यांत दिले होते. परत आले तेव्हा त्याचा गोळा झाला होता. लवण व क्षारयुक्त कल्प दमट हवेत ओलावा शोषतात. शार्ङ्गधरांनी चूर्णाची वीर्यमर्यादा दोन महिने व गुटी-अवलेहांची एक वर्ष सांगितली, ती नीट जतन केलेल्या औषधांची. प्रवासासाठी चूर्ण घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत, आवश्यक तेवढेच द्यावे. कोरडा चमचा वापरण्यास बजावावे. आसव-अरिष्टांच्या बाटल्या तापलेल्या गाडीत ठेवू नयेत. प्रत्येक बाटलीवर नाव, मात्रा व अनुपान मराठीत ठळक लिहावे.

उपसंहार

सदर शिक्षक आजही आमच्याकडे येतात. त्यांनी आम्हास बोल लावला नाही. तथापि, त्या दिवसापासून प्रवासास निघालेल्या प्रत्येक रुग्णास ‘कोठे जाणार’ हे विचारण्यापूर्वी आम्ही ‘सध्या काय घेता’ हे विचारतो. भूमीची परीक्षा ग्रंथावरून होते, आतुराची मात्र त्याच्यासमोर बसूनच करावी लागते. आमच्या चुकीतून व्यवसायबंधूंचा एखादा रुग्ण जरी वाचला, तरी या लेखाचे प्रयोजन सफल झाले असे आम्ही समजू.