भूल देताना बाहुलीची साक्ष

शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिली की रुग्णाची शुद्ध हरपते. परंतु शरीराची घावाला प्रतिसाद देण्याची शक्ती सर्वस्वी लोपतेच असे नाही. त्यासाठी वेदनाशामक औषध निराळे द्यावे लागते. ते अपुरे पडल्यास शरीरावर ताण येतो. अधिक झाल्यास शस्त्रक्रियेनंतर श्वसन मंदावण्याचा धोका असतो. रुग्ण तर बोलू शकत नाही. मग योग्य मात्रा ठरवावी कशी?

नाडी व रक्तदाब ही नेहमीची गमके होत. पण रक्तस्रावामुळेही ती बदलतात. येथे डोळ्याची बाहुली साहाय्यास येते. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन डॉक्टर आर्थर ग्युडेल यांनी ईथरच्या भुलीच्या पायऱ्या ठरविताना बाहुलीचा आकारही विचारात घेतला होता. आता अवरक्त किरणांचे यंत्र तो अचूक मोजते. छेद घेताच बाहुली विस्फारली, तर वेदनाशमन अपुरे असल्याचा तो संकेत होय. मॉर्फिन, फेंटॅनिल यांसारख्या औषधांनी बाहुली आकुंचन पावते आणि हा प्रतिसाद दबतो.

तथापि, नेत्रविकार किंवा डोळ्यांत घातलेले ॲट्रोपिनचे थेंब यांमुळे ही साक्ष फसवी ठरू शकते. म्हणून अशा बाबी शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांस अवश्य सांगाव्यात. यंत्र संकेत देते. निर्णय त्यांनीच घ्यावयाचा असतो.