उभ्या गाडीची खडखड : कारणशोधाचा एक पाठ



इतिहासाच्या शिक्षकाने मोटारीच्या आवाजावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मनोर हे मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावरील गाव. येथील अनेक घरांची चूल रिक्षा, टेम्पो किंवा बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कामगार पोहोचवणाऱ्या गाडीवर पेटते. अशा घरात गाडी एक दिवस गॅरेजमध्ये राहिली, तर त्या दिवसाची मिळकत बुडते. आणि चुकीचा भाग बदलला, तर पैसा जाऊनही खडखड कायम राहते.

हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका पावसाळ्यानंतर माझी जुनी गाडी उभी असताना खडखडू लागली. चालू लागली की आवाज नाहीसा होई. एका कारागिराने बोनेट न उघडताच ‘इंजिन खोलावे लागेल’ असा निर्णय दिला. त्याच सुमारास आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी, जो आज गॅरेजमध्ये काम करतो, भेटला. त्याने आधी प्रश्न विचारले : आवाज गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? रेस दिल्यावर थांबतो का? क्लच दाबल्यावर बदलतो का? मग बंद आणि थंड गाडीखाली वाकून त्याने सायलेन्सरच्या पाइपावरील पत्र्यावर मुठीने हलकेच ठोकले. तोच आवाज आला! पत्र्याचा बोल्ट गंजून त्याचे भोक मोठे झाले होते. एक रुंद वॉशर आणि एक स्टीलची क्लिप एवढ्यावर काम भागले.

आवाज उभ्या गाडीतच का?

उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला साधारण 700 ते 900 फेरे घेते. चार सिलिंडरच्या इंजिनात 800 फेऱ्यांना मिनिटाला 1600, म्हणजे सेकंदाला सुमारे 27 स्फोट होतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला 20. प्रत्येक स्फोटाचा एक धक्का बसतो. सैल झालेल्या पत्र्याची स्वतःची कंपनगती या धक्क्यांच्या गतीशी जुळली, की तो जोराने थरथरतो. विज्ञानात यास अनुनाद म्हणतात. रेस दिली की धक्क्यांची गती बदलते, जुळणी मोडते आणि आवाज थांबतो. म्हणून रेस देताच थांबणारी खडखड बहुधा सैल भागाची असते. वाढत्या फेऱ्यांबरोबर वाढणारी टकटक मात्र इंजिनाच्या आतली असू शकते.

तपासणीचा क्रम

गाडी मोकळ्या, सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतते. ओढणी, पदर, सैल बाही पंखा व बेल्टपासून दूर ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी.

1. प्रथम इंजिन बंद करून ऑइल पट्टी पाहावी. ऑइल कमी असल्यास टॅपेट वाजतात. ऑइलचा लाल दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावे.
2. नंबर प्लेट, बॅटरीचा क्लॅम्प, एअर फिल्टरची पेटी हाताने दाबून पाहावी.
3. एसी लावल्यावरच आवाज येत असेल, तर कॉम्प्रेसर, त्याचे ब्रॅकेट व बेल्ट तपासावा.
4. न्यूट्रलमधील आवाज क्लच दाबताच थांबला, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. क्लच दाबल्यावरच आला, तर क्लचच्या बेअरिंगवर.
5. सीट व स्टिअरिंगही थरथरत असतील, तर इंजिनाचे रबरी माउंटिंग पाहावे.
6. सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर ठोकून पाहावा. आतून खुळखुळा वाजल्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळी फुटलेली असू शकते. तो बदलावाच लागतो.

आपल्याकडचा मुसळधार पाऊस, किनाऱ्याकडील खारी हवा आणि खड्डे यांमुळे गंजलेला पत्रा हा दोष वारंवार आढळतो. मात्र वैतागून तो पत्रा काढून फेकू नये. तापलेल्या पाइपाची उष्णता तो अडवतो. त्याविना वाळक्या गवतावर उभी केलेली गाडी पेटू शकते. आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

यातून शिकण्यासारखे

केसपुत्त येथे कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले, की ऐकीव आहे, परंपरेचे आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. कार्य आहे तर कारण आहे, आणि कारण दूर केले की कार्य थांबते, हा धम्माचा विचार बोनेटखालीही लागू पडतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. तांत्रिक प्रशिक्षणाचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. हाताने काम करणाऱ्याच्या ज्ञानाला आपल्या समाजव्यवस्थेने पिढ्यानपिढ्या हीन लेखले. ज्या मुलाला मी इतिहासाच्या तासाला वारंवार ‘लक्ष दे’ म्हणत असे, त्याने मला त्या दिवशी पुरावा कसा तपासावा हे शिकवले. पालकांनी मुलाच्या हातातील पान्याकडे कमीपणाने पाहू नये, आणि मुलांनी व मुलींनी पाना धरताना प्रश्न विचारणे सोडू नये, एवढीच या निमित्ताने विनंती.