समुद्राची पातळी आणि खाजन शेती : हवामानबदलाचा एक प्रात्यक्षिक पाठ

पर्यावरण शिक्षण हा शालेय शिक्षणाचा आवश्यक भाग असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. आज हवामानबदलाचा धडा पाठ्यपुस्तकांत आहे आणि त्यावरील प्रश्नांची उत्तरेही विद्यार्थी पाठ करतात. तथापि पाठ केलेली व्याख्या परीक्षेनंतर फार काळ टिकत नाही. स्वतःच्या हातांनी केलेला प्रयोग आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला बांध मात्र मुलांच्या कायम स्मरणात राहतो. या दृष्टीने गोव्यातील शाळांना सहज करता येण्याजोगा एक पाठ येथे दिला आहे.

या पाठाचा विषय आपल्या परिसरातलाच आहे. मांडवी, जुवारी आदी नद्यांच्या काठी पूर्वजांनी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवलेली जमीन म्हणजे खाजन होय. बांधात बसवलेल्या मानशीची लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने उघडतात. ही सारी व्यवस्था समुद्राच्या पातळीवर अवलंबून आहे. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. ही वाढ कशी होते आणि तिचा आपल्या शेताशी काय संबंध, हे विद्यार्थ्यांनी शोधावयाचे आहे.

प्रयोग पहिला : कोणते बर्फ पातळी वाढवते?

सारख्या आकाराची दोन काचेची भांडी घ्यावीत. दोहोंत सारखाच दगड ठेवावा. त्याचा माथा पाण्याबाहेर राहील इतकेच पाणी ओतावे. एका भांड्यात बर्फाचे चार खडे पाण्यात तरंगू द्यावेत. दुसऱ्यात तितकेच खडे दगडाच्या माथ्यावर ठेवावेत. लगेच पाण्याच्या पातळीवर खूण करावी. बर्फ वितळण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपला अंदाज वहीत लिहावा, कारण अंदाज चुकला की कारण शोधण्याची इच्छा आपोआप उत्पन्न होते. तरंगत्या बर्फाने पातळी जवळजवळ बदलत नाही. दगडावरील बर्फाने ती वाढते. उत्तर ध्रुवाभोवतीचे सागरी बर्फ पहिल्या प्रकारचे, तर ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील जमिनीवरील हिमस्तर दुसऱ्या प्रकारचे होत.

प्रयोग दुसरा : तापलेले पाणी

लहान काचेची बाटली रंगीत पाण्याने काठोकाठ भरावी. बुचातून एक बारीक पारदर्शक नळी बसवून फटी मेणाने बुजवाव्यात आणि नळीतील पातळीवर खूण करावी. नंतर बाटली कोमट पाण्यात ठेवावी. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे. प्रथम काच तापून प्रसरण पावते, म्हणून पातळी क्षणभर किंचित उतरते. मग पाणी तापते व पातळी चढू लागते. बर्फाचा थेंबही न मिळवता पातळी वाढली, हे मुलांच्या ध्यानात येईल. १९७१ ते २०१८ या काळातील समुद्रपातळीच्या वाढीपैकी सुमारे निम्मी वाढ पाण्याच्या अशा प्रसरणामुळे झाली आहे.

प्रयोग तिसरा : खारे पाणी आणि भात

तीन बश्यांत ओल्या फडक्यावर भाताचे प्रत्येकी वीस दाणे ठेवावेत. पहिल्या बशीस गोडे पाणी, दुसरीस लिटरला ५ ग्रॅम आणि तिसरीस लिटरला १५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी द्यावे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, हे तुलनेसाठी सांगावे. बश्या झाकून ठेवाव्यात आणि दहा दिवस रोज रुजलेले दाणे मोजावेत. खाजनात पिकणाऱ्या ‘कोरगुट’ या खारेपणा सोसणाऱ्या भाताचे बी मिळाल्यास त्याच्या तीन बश्या शेजारी मांडाव्यात. बांध फुटला तर शेतकऱ्याचे काय जाते, याचा हिशेब विद्यार्थी या बश्यांतच मांडू शकतील.

मानशीची भेट

शेवटी शिक्षकांच्या देखरेखीखाली वर्गाने जवळच्या मानशीपाशी जावे. दारे केव्हा उघडली, केव्हा मिटली आणि पाणी कोठवर चढले, हे नोंदवावे. समुद्राची पातळी वाढल्यास बांधावरून पाणी येण्याचा धोका तर वाढतोच. शिवाय ओहोटीचे पाणीही पूर्वीइतके खाली जात नाही. त्यामुळे दारे कमी वेळ उघडी राहतात आणि शेतात साचलेल्या पावसाच्या पाण्यास बाहेर पडण्यास अवधी अपुरा पडतो. ही दुसरी अडचण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ती मानशीपाशी उभे राहूनच नीट समजते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. एका दिवसाच्या भरतीवरून हवामानबदल सिद्ध होत नाही. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असते. वारा आणि नदीचा पूर यांनीही पातळी बदलते. म्हणून भेट दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, त्याच महिन्यातील त्याच तिथीस द्यावी आणि नोंदवही पुढील वर्गाच्या स्वाधीन करावी. हवामान म्हणजे रोजची हवा नव्हे. सर्वसाधारणपणे तीस वर्षांच्या नोंदींवरून त्याची सरासरी काढली जाते.

या पाठाचा हेतू मुलांच्या मनात भीती निर्माण करण्याचा नाही. खाजनाचे बांध गावकऱ्यांनी एकत्र येऊन, पिढ्यान्‌पिढ्या डागडुजी करून राखले. पाणी मोजू शकणारी आणि मानशीचे कार्य जाणणारी मुले उद्या त्या बांधांची राखण अधिक डोळसपणे करतील. त्यासाठी शाळेला खर्चाची साधने नकोत. दोन भांडी, मूठभर भात आणि जपून ठेवलेली एक नोंदवही पुरेशी आहे.